परदेशात बिऱ्हाड कुठं मांडायचं?

बारामती-इंदापूरकडच्या मुलामुलींची परदेशी जायची वाट आता ठरून गेली आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं इंजिनिअरिंग, मग हिंजवडी नाहीतर मगरपट्टा, चार-सहा वर्षं नोकरी, लग्न, एक मूल, आणि मूल नर्सरीच्या वयाला आलं की मेलबर्न, सिडनी, लंडन किंवा न्यू जर्सी. व्हिसाचं बघायला एजंट असतो, तिकिटाचं कंपनी बघते. राहायचं कुठं, हे मात्र एका व्हॉट्सअॅप मेसेजवर ठरतं : "तिकडं आपली माणसं कुठं राहतात?" माझं माहेर लोणी भापकर आणि मुक्काम मेलबर्नच्या पश्चिमेला, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडं वरचेवर येतो. फोनवर त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

लोणी भापकर हा बारामती तालुक्याचा जिरायती पट्टा. मोरगाव-सुप्याकडची ही गावं पावसाच्या भरवशावर, तर नीरा डाव्या कालव्याखालची सोमेश्वर-माळेगावची बाजू उसात. त्यामुळे आमच्याकडं मुलीला स्थळ आलं की शिक्षण, पगार, घरदार सगळं ऐकून झाल्यावर एखादं म्हातारं माणूस हटकून विचारतं, "पाण्याचं काय?" हंडा डोक्यावर कुणाच्या येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. परदेशातलं उपनगर निवडताना नेमकी हीच चौकशी राहून जाते. नोकरीवाला सकाळी साडेसातला निघतो आणि संध्याकाळी उगवतो. त्याच्या दृष्टीनं उपनगर म्हणजे रात्री झोपायची जागा. दिवसभर तिथं राहणार असतं ते लहान मूल, त्याच्यापाशी घरी थांबलेली आई, कुठं कुठं बाप, आणि सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा. तेव्हा घर त्यांच्या सोयीनं बघायचं. ऑफिसला जाणाऱ्याला वीस मिनिटं जास्त लागली तर तो ट्रेनमध्ये मोबाइल बघत बसेल, त्याचं काही बिघडत नाही.

मेलबर्नचंच उदाहरण घेते. ज्याला सगळे 'सिटी' म्हणतात तो शहराचा मधला भाग तसा लहानच आहे. बाकी शहर चहूकडं पसरत गेलंय. आपल्याकडून नव्यानं येणारी बरीच कुटुंबं पश्चिमेच्या टोकाला टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, विंडम व्हेल इथं जातात, नाहीतर आग्नेयेला क्रॅनबर्न, क्लाइड नॉर्थकडं. कारण उघड आहे. पूर्वेच्या जुन्या भागात, ग्लेन वेव्हर्लीसारख्या ठिकाणी, दोन बेडरूमच्या जुन्या युनिटला जे भाडं पडतं त्यात भर घातली न घातली की इकडं चार बेडरूमचं कोरं घर, दोन गाड्यांचं गॅरेज आणि मागं हातभर का होईना अंगण मिळतं. हिंजवडीच्या टू बीएचकेतून आलेल्या जोडप्याला ते घर दाखवलं की मग त्यांना दुसरं काही दिसत नाही. फोटो गावाला जातात. आजी म्हणते, वाडाच की!

आता नकाशावर शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन उपनगरांत फरक किती असतो ते बघा. टार्नीटला स्टेशन आहे. जून 2015 मध्ये रीजनल रेल लिंक ही रेल्वेलाइन सुरू झाली तेव्हाचं ते. तिथून धावतात त्या जिलाँगच्या लाइनच्या, व्ही-लाइन कंपनीच्या डिझेल गाड्या. त्या सिटीतल्या सदर्न क्रॉस स्टेशनला अर्ध्या तासाच्या आसपास पोचवतात, पण सकाळी उभं राहायची तयारी ठेवावी लागते आणि स्टेशनचं पार्किंग लवकर भरतं. पॉइंट कुकला तर स्टेशनच नाही. तिथल्या लोकांना 2013 मध्ये झालेल्या विल्यम्स लँडिंग स्टेशनवर यावं लागतं, आणि सकाळी पॉइंट कुकमधून बाहेर पडताना गाड्यांची जी रांग लागते तिचं नाव अख्ख्या मेलबर्नात आहे. समुद्र जवळ, तळी देखणी, घरं नीटनेटकी. पण एका गाडीचं बिऱ्हाड असेल तर ती गाडी घेऊन नवरा गेल्यावर मागं राहिलेल्या माणसानं काय करायचं, याचा विचार आधी करायचा.

जानेवारीतला एखादा मंगळवार डोळ्यांपुढं आणा. सकाळचे अकरा वाजलेत, पारा अडतिसावर आहे. शहराच्या अगदी कडेच्या नव्या वसाहतीतून दीड वर्षाच्या मुलाला बाबागाडीत घालून तुम्ही दूध आणायला निघालात. फुटपाथ रुंद, पांढऱ्या काँक्रीटचा, डोळे दिपवणारा. दोन्ही बाजूंना काठीला बांधलेली, मनगटाएवढ्या खोडाची रोपं, सावली शून्य. रस्त्यावर माणूस नाही, प्रत्येक गॅरेजचं दार बंद. तिसऱ्या वळणावर फुटपाथ संपतो आणि बांधकामाचं तारेचं कुंपण लागतं, म्हणून बाबागाडी रस्त्यावर उतरवावी लागते. बागेतली घसरगुंडी हात लावता येणार नाही इतकी तापलेली. दुकान अजून दीड किलोमीटर. बस आहे, पण आत्ताच गेली आणि पुढची बऱ्याच वेळानं. असे दिवस एकामागून एक गेले की माणूस गप्प होत जातं. फोनवर आईला सांगतं, "सगळं छान आहे, घर मोठं आहे."

याच्या उलट मेलबर्नचंच जुनं उपनगर क्लेटन. घरं जुनी, विटांची, कार्पेटला वास, बाथरूम जुनाट. फोटो काढून गावाला पाठवावा असं काही नाही. पण स्टेशनजवळ घर असलं तर लायब्ररी, डॉक्टर, भाजी आणि पोहे-भाजणीपर्यंत सगळं देणारं भारतीय किराणा दुकान, हे सगळं पायी होतं. मोनॅश मेडिकल सेंटर हे मोठं हॉस्पिटल आणि त्याला लागून मुलांचं हॉस्पिटल तिथंच आहे. मूल पाचच्या आतलं असेल आणि दोघांपैकी एक जण घरी राहणार असेल तर, माझं स्पष्ट मत आहे, एक खोली कमी घ्या आणि अशा ठिकाणी राहा.

याचा अर्थ पश्चिमेला जाऊच नका असा नाही, मी स्वतः इकडंच राहते. टार्नीट म्हणजे काही एकच जागा नव्हे. स्टेशन आणि जुलिया गिलार्ड लायब्ररीच्या आसपासचं टार्नीट वेगळं आणि पार कडेला, जिथं अजून पिवळ्या गवताची रानं दिसतात, ते वेगळं. पत्त्यावर दोन्हीकडं टार्नीटच लिहिलेलं असतं, जाहिरातीत तर हमखास. म्हणून नुसत्या नावावर न जाता तुकडा निवडायचा. घराचा पत्ता नकाशावर टाकून तिथून स्टेशन, बालवाडी, डॉक्टर आणि दुधाचं दुकान पायी किती मिनिटं, हे चारच आकडे काढा. चारपैकी तीन पंधरा मिनिटांच्या आत असतील तर घर बघायला जा. नसतील तर किचन कितीही चकचकीत असो, पुढचं घर बघा.

गाडीचं बोललेच आहे तर हेही सांगते. आपल्याकडं बऱ्याच जणींकडं लायसन्स असतं, पण हात असतो तो अॅक्टिव्हावर. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, कायम रहिवासाचा व्हिसा असलेल्याला भारतीय लायसन्सवर सहा महिनेच गाडी चालवता येते, मग इथल्या परीक्षा द्याव्या लागतात आणि त्या काही सोप्या नसतात. निघायच्या आधी बारामतीत, पुण्यात जिथं जमेल तिथं चारचाकीवर हात साफ करून घ्या. इथं शिकवणीचा तासाचा दर ऐकून घाम फुटतो.

आता शाळा. आपल्या लोकांचा सगळा जोर शाळेवर असतो आणि त्यातही 'टॉपची शाळा कुठली' यावर. इथली सरकारी शाळा पत्त्यावर मिळते. प्रत्येक पत्त्याची एक ठरलेली शाळा असते आणि तिथं तुमच्या मुलाला जागा द्यावीच लागते. व्हिक्टोरिया सरकारच्या 'फाइंड माय स्कूल' या संकेतस्थळावर पत्ता टाकला की कुठली शाळा ते कळतं. रस्त्याच्या या बाजूचं घर एका शाळेत आणि त्या बाजूचं दुसऱ्या शाळेत, असंही होतं, म्हणून घर दाखवणाऱ्या एजंटच्या तोंडी आश्वासनावर भाडेकरारावर सही करू नका. ग्लेन वेव्हर्ली सेकंडरी कॉलेज किंवा बॉलविन हायस्कूलच्या हद्दीतल्या घरांना त्या हद्दीचेच पैसे पडतात. पण या माध्यमिक शाळा आहेत. तुमचं मूल तीन वर्षांचं असेल तर सातवीच्या शाळेसाठी आजपासून जादा भाडं भरत बसण्यात काय हशील? तोवर तुमची नोकरी बदलेल, कदाचित शहरही. 'माय स्कूल' संकेतस्थळावर नॅपलान परीक्षेचे निकाल दिसतात, तेही जरूर बघा. मात्र ही परीक्षा होते तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीला. पाच वर्षांच्या पोराला शाळेत कुणी हाताला धरून वर्गात नेतं का, इंग्रजी न येणाऱ्या मुलासाठी वेगळी मदत आहे का, हे त्या आकड्यांत दिसत नाही. त्यासाठी शाळा दाखवण्याचे जे दिवस असतात तेव्हा स्वतः जाऊन वर्गाच्या दारात उभं राहावं लागतं.

आणि वयाचा हिशेब आधी करा. इथलं शालेय वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन डिसेंबरात संपतं. व्हिक्टोरियात मूल त्या वर्षीच्या 30 एप्रिलपर्यंत पाच वर्षांचं होत असेल तर त्याला प्रेपमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, घेतात. सिडनीच्या न्यू साउथ वेल्समध्ये ही तारीख 31 जुलै आहे. जूनच्या हिशेबानं निघालेलं कुटुंब इथं वर्षाच्या मध्यात येऊन पडतं. तिकडं मूल सीनियर केजीत पोचलेलं असलं तरी इथं कदाचित त्याला परत किंडरला जावं लागेल. मुलाला त्याचं काही वाटत नाही, आजोबांना फार वाटतं. प्रेपच्या आधीची ही किंडर व्हिक्टोरियात 2023 पासून मोफत योजनेत आहे, पण जागेसाठी नाव आधी नोंदवावं लागतं. टार्नीट-पॉइंट कुकच्या विंडमसारख्या भागात ही नोंदणी कौन्सिलकडं होते. चाइल्डकेअर म्हणजे दिवसभराचं पाळणाघर मात्र महाग, दिवसाला शंभर डॉलरच्या वर. कायम रहिवाशांना त्यावर सरकारी सवलत मिळते, तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेकांना नाही. काही राज्यं तर अशा कुटुंबांकडून सरकारी शाळेचंही शुल्क घेतात. म्हणून दोघांनी नोकरी करायचं गणित व्हिसा हातात घेऊनच मांडा.

आता 'आपली माणसं'. सिडनीत हॅरिस पार्क, मेलबर्नात डँडनाँगची फॉस्टर स्ट्रीट, न्यू जर्सीत एडिसनचा ओक ट्री रोड ही नावं तुम्ही ऐकलेली असतील. तिथं जिलबीपासून लग्नाच्या शेरवानीपर्यंत सगळं मिळतं. पण भारतीय वस्ती आणि मराठी वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी. टार्नीटमध्ये शेजारी पंजाबी असतो, समोर तेलुगू. मराठी घर एखाद्या गल्लीआड लागतं, तेही गणपतीत ओळख झाली तर. मराठी माणसं परदेशात कधीच एका आळीत राहिली नाहीत आणि तरी मंडळं चालली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. मंडळाचा हॉल आणि तुमचं घर यांत तासाभराचं अंतर असलं तरी काही अडत नाही, गणपती आणि दिवाळीला तेवढं कुणीही जातं. रोज लागतं ते वेगळं. मुलाला ताप भरला असताना दुसऱ्या मुलाला शाळेतून आणणारं शेजारी कुणी हवं, आणि ते मराठी असायला हवं असं बिलकूल नाही. अशी माणसं मिळतात लायब्ररीतल्या गोष्टींच्या तासाला, प्लेग्रुपमध्ये, शाळेच्या फाटकाशी. म्हणजे पुन्हा तेच, जिथं पायी जाता येईल अशा जागी.

आजी-आजोबांना तर हे दुप्पट लागू. आमच्या लोणी भापकरच्या मल्लिकार्जुनाच्या देवळाशी, पुष्करणीच्या कडेला चार माणसांत बसायची सवय असलेला माणूस तुम्ही बंद गॅरेजांच्या रस्त्यावर आणून ठेवता. पंधराव्या दिवशी तो परतीच्या तिकिटाची तारीख विचारू लागतो. पश्चिमेच्या उपनगरांची एक जमेची बाजू इथं आहे. संध्याकाळी बागेत बाकांवर पंजाब, गुजरात, आंध्रकडचे म्हातारे-म्हाताऱ्या जमलेल्या दिसतात. भाषा मोडकी, पण गुडघेदुखी आणि सुना हे विषय सगळ्यांना पुरतात. घर बघायला गेलात की संध्याकाळी सहाला जवळच्या बागेत एक चक्कर टाका. बाकावर कुणी बसलेलं दिसलं तर तुमच्या वडिलांचे सहा महिने बरे जातील.

भाड्याचा व्यवहार थोडक्यात. भाडं आठवड्याच्या हिशेबात सांगतात. आपण चटकन चारनं गुणतो आणि तिथं फसतो. बावन्ननं गुणून बारानं भागायचं. आठवड्याला 500 म्हणजे महिन्याला 2000 नव्हे, 2167 डॉलर. वर डिपॉझिट, ज्याला बाँड म्हणतात, साधारण महिन्याच्या भाड्याएवढं. व्हिक्टोरियात ते मालकाकडं राहत नाही, सरकारी प्राधिकरणाकडं जमा होतं, आणि त्याची पावती तुम्हाला यायलाच हवी. घर दाखवण्याला इन्स्पेक्शन म्हणतात. ठरलेली पंधरा मिनिटं, दारात वीस जोडपी, एजंट मोबाइलवर नावं टिपून घेतोय. त्या गर्दीत किचन सगळेच बघतात. तुम्ही बघा हॉलमध्ये भिंतीला बसवलेला हीटर आहे का (2021 पासून व्हिक्टोरियात भाड्याच्या घरात तो असणं सक्तीचं आहे), खिडक्यांच्या कोपऱ्यात आणि कपाटांच्या मागं काळी बुरशी आहे का, आणि हॉलचं तोंड कुठल्या दिशेला आहे. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. उत्तरेच्या खिडकीत हिवाळाभर ऊन असतं, दक्षिणेची खोली जुलैत थंडगार. वास्तुशास्त्राची पुस्तकं घेऊन येणाऱ्यांनी आपल्या मनाचं बघावं, पण रांगणारं मूल असेल तर उत्तरेचं ऊन सोडू नका. घर मिळाल्यावर प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा आणि एजंटानं दिलेला घराच्या स्थितीचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत भरून परत द्या. जाताना बाँडमधून काय कापायचं ते त्याच कागदावर ठरतं.

पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. आलेला प्रत्येक जण म्हणतो, भाडं भरण्यापेक्षा हप्ता बरा. ज्या उपनगरात एक हिवाळा काढला नाही तिथं तीस वर्षांचं कर्ज कशाला? तात्पुरत्या व्हिसावर असाल तर प्रश्नच नाही. 1 एप्रिल 2025 पासून ऑस्ट्रेलियानं अशा लोकांना जुनं, राहतं घर विकत घ्यायला 2 वर्षांची बंदी जाहीर केली.

लंडनला जाणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. तिथं प्राथमिक शाळेचे अर्ज सप्टेंबरच्या प्रवेशासाठी 15 जानेवारीला बंद होतात आणि चांगल्या शाळांत घरापासूनच्या अंतरावर जागा ठरतात. तेव्हा तिथं मात्र घर आणि शाळा एकत्रच बघावी लागेल.

आल्या आल्या वर्षाचा करार करू नका. तीन-चार आठवड्यांसाठी स्टेशनजवळ तात्पुरती जागा घ्या, थोडी महाग पडली तरी. त्या काळात मनात असलेल्या दोन-तीन उपनगरांत मुलाला घेऊन, बसनं, कामाच्या दिवशी जा. शनिवारी गाडीतून फिरवून आणणारे मित्र भेटतील, पण शनिवारी सगळीच उपनगरं चांगली दिसतात. ऑफिसला जाणाऱ्यानं एक दिवस सुट्टी टाकून बरोबर यावं, आणि शेवटचा शब्द घरी राहणाऱ्याचा असावा.

निघण्यापूर्वी करायचं एक काम सगळे विसरतात. पुण्याच्या घरमालकाकडून, भाडं वेळेवर भरत होतात असं इंग्रजीत पत्र आणि नोंदणीकृत भाडेकराराची प्रत घ्या. इथं तुमचा काहीच इतिहास नसतो, आणि वीस अर्जांतून एजंट ज्याचे कागद पुरे असतील तो अर्ज आधी उचलतो. दुसरे कागद बाळाच्या लसींचे. व्हिक्टोरियात 2016 पासून लसीकरणाची नोंद दाखवल्याशिवाय किंडर-चाइल्डकेअरला घेत नाहीत, आणि ती नोंद इथल्या डॉक्टरानं राष्ट्रीय रजिस्टरमध्ये चढवावी लागते. आपल्या लसीकरण कार्डावर बहुधा लसीचं कंपनीनं दिलेलं नाव, गिचमिड अक्षर आणि अर्धवट तारीख असते. इथला डॉक्टर ते वाचू शकत नाही आणि शंका आली की लस पुन्हा द्यायची म्हणतो. तेव्हा तुमच्या बालरोगतज्ज्ञाकडून कुठल्या तारखेला कुठल्या रोगाची लस दिली ते इंग्रजीत टाइप करून, सही-शिक्क्यानिशी घ्या, आणि त्याचा एक फोटो आजोबांच्या मोबाइलवरही ठेवा.